ढकलण्याचा मान

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर डावीकडं कातळवाडीचा फाटा लागतो. फाट्यावर एक मोरी आहे. मोरीवर बाराही महिने दोन-चार माणसं बसलेली असतात. आणि मोरीपासून वाडीपर्यंत जी सरळ आभाळाकडं निघते ती रेड्याची चढण. पूर्वी कधीतरी कुणाचा तरी रेडा हिच्या मध्यावर बसला आणि मालकानं हात जोडले तरी उठला नाही, म्हणून हे नाव. महिपती उतेकराची फियाट त्या मानानं समजूतदार. ती बसते तिथंच, रेड्याच्याच जागी, पण चार माणसांनी मागून ढकललं की उठते.

फियाट पांढरी आहे. म्हणजे होती. आता ती पावसाळ्यात राखाडी आणि उन्हाळ्यात तांबडी दिसते. इंजिन अकराशे सीसीच्या जरा आतलं. एकट्या महिपतीला घेऊन ते कसंबसं चढायचं, मागं भाताचं एक पोतं टाकलं की विचारात पडायचं, आणि चार माणसं बसली की सरळ मान टाकायचं.

ही गाडी महिपतीनं घेतली नव्हती, ती त्याच्या वाट्याला आली होती. त्याचे वडील सहदेव महाडात एका डॉक्टरांचे ड्रायव्हर. डॉक्टर म्हातारपणी मुलाकडं पुण्याला निघाले तेव्हा म्हणाले, "सहदेवा, हिला तूच सांभाळलीस, आता तूच ने." सहदेवांनी गाडी वाडीत पहिल्यांदा आणली ती पुतण्याची वरात घेऊनच. चढणीच्या मध्यावर गाडी बसली. आत नवी नवरी. आणि कातळवाडीची रीत अशी, की नव्या नवरीचा पाय वाडीच्या हद्दीत आधी ग्रामदेवी काळकाईच्या देवळाच्या पायरीला लागायचा, मग बाकी जमिनीला. तिला उतरवता येईना, गाडी हलेना. मोरीवरचे चार जण धावले आणि त्यांनी गाडी थेट देवळापर्यंत ढकलत नेली. सहदेवांचा जीव भांड्यात पडला. खुशीत येऊन त्यांनी चौघांना एकेक नारळ आणि एकेक पांढरी टोपी दिली.

इथं त्यांचं चुकलं. आपल्याकडं एखादी गोष्ट एकदा झाली तर तो प्रसंग, दोनदा झाली तर रीत, आणि तिसऱ्यांदा नारळ हातात पडला की तो मान. मान एकदा लागला की जमिनीसारखा बापाकडून मुलाकडं जातो, फक्त सातबाऱ्यावर चढत नाही इतकंच. डिकीचा उजवा कोपरा कुशाबाच्या घराचा. डावा कोपरा रामा गुरवाच्या घराचा. मधल्या जागेसाठी कुशाबाचा पुतण्या यशराज घाटकोपरहून सुट्टी टाकून येतो. जिमला जातो, दंड दाखवत ढकलतो, पण येतो. चौथी जागा एका घरातल्या दोन भावांत आलटून-पालटून आहे. त्यावरून गावकीची एक बैठकही झाली होती.

एवढं सगळं महिपतीनं हसून घेतलं असतं. पण गाडी ढकलणाऱ्याला 'नाय' म्हणता येत नाही, ही खरी अडचण होती. लग्नाचा तेवढा मान. पण बाजार घेऊन येताना, आजारी माणूस घेऊन येताना, शाळेची पोरं घेऊन येताना गाडी बसायचीच, आणि मोरीवरनं कुणीतरी उठून यायचंच. त्यामुळं वाडीतल्या प्रत्येक घराचा महिपतीवर एकेक धक्का शिल्लक होता.

महिपती पहिली पाळी करून कंपनीच्या बसमधून फाट्यावर उतरायचा आणि मोरीवरचा कुशाबा म्हणायचा, "म्हैपती, आलास का रे?"

"आलो."

"मंग बरं झालं. कापडं नको बदलू. आमचा पावना एसटीला सोडायचा हाय."

"आत्ता चौदा मैल बसमधनं आलोय रे कुशाबा. पाठ लागलीय."

"गाडीत बसून पाठ लागते? आम्ही ढकलतो, आमच्या पाठीचं काय?"

महिपती चावी काढायचा.

असं करत त्याला पन्नाशी उलटली. पोराचं, ऋत्विकचं, लग्न ठरायच्या सुमाराला तर त्याला रात्री स्वप्नं पडायची, की तो स्टिअरिंगवर बसलाय, इंजिन बंद आहे, आणि मागून अख्खी वाडी त्याला ढकलतेय. कुठं नेतायत ते कुणीच सांगत नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात महिपती सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर आहे. हे काम म्हणजे गुरं राखण्यातलाच प्रकार. मोठ्या टाकीत घाण पाणी असतं, पाण्यात जंतू असतात, ते जंतू घाण खातात. पण त्यांना हवा लागते. म्हणून टाकीशेजारी ब्लोअर असतो. लोखंडी पेटीत दोन पाती एकमेकींना न शिवता फुगडी घालतात आणि हवा पकडून नळीत कोंबतात. हवा मिळाली की जंतू दुप्पट खातात, दुप्पट काम करतात. हवा तुटली की पडून राहतात. हे महिपती पंचवीस वर्षं बघत होता. आणि एक दिवस टाकीच्या कठड्याला टेकून डबा खाताना त्याच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

पडून राहतात, म्हणजे आपल्या फियाटीसारखेच की!

देखभाल खात्यातला फिटर अरविंद तांबे शेजारीच वांग्याची भाजी वाढून घेत होता. महिपती म्हणाला, "अरविंदा, ह्या ब्लोअरचं धाकटं भावंड मिळंल का रे कुठं?"

"कशाला? घरी टाकी बांधतोस?"

"गाडीला लावायचाय."

अरविंद हसला असता तर महिपती वाचला असता. पण अरविंद हसला नाही. त्यानं डबा बाजूला ठेवला, बोटं चाटली आणि गंभीरपणे म्हणाला, "म्हैपतराव, बाहेरच्या देशात ह्यालाच सुपरचार्जर म्हणतात. फरक फक्त रंगाचा. मी मोबाइलवर बघितलंय."

अरविंद मोबाइलवर बघितलेली प्रत्येक गोष्ट स्वतः करून झाल्यासारखी सांगतो. इंजिनाला पेट्रोल कमी पडत नाही, श्वास कमी पडतो. बाहेरून हवा कोंबली की त्याच सिलिंडरात जास्त पेट्रोल जळतं आणि म्हातारी गाडी तरण्यासारखी पळते, असं त्यानं उरलेल्या भाजीत बोटानं आकृती काढून समजावलं. महिपतीला आकृती कळली नाही, पण रेड्याची चढण दिसली. ऋत्विकची वरात दिसली. सुनेला घेऊन आपण आपल्या इंजिनावर, कुणाच्याही हाताशिवाय वर चाललोय, हे दिसलं. वरात एकदा अशी वर गेली की मान संपला. मान संपला की उपकार संपले. उपकार संपले की तोंड मोकळं, ज्याला म्हणायचं त्याला 'नाय' म्हणायला.

महाडातल्या साहिल भंगारवाल्याकडं ब्लोअर मिळाला. एका बंद पडलेल्या कारखान्यातला, हंड्याएवढा, ओतीव लोखंडाचा. दोघांनी उचलून रिक्षात ठेवला तेव्हा रिक्षा एका बाजूला कलली. गाडी अरविंदच्या घरामागं, आंब्याखाली उभी केली आणि सुट्टीच्या दिवशी काम सुरू झालं. इंजिनाच्या क्रँकला दोन खाचांची पुली कातून घेतली, त्यावर पट्टा चढवून ब्लोअर फिरवायचा. कार्बोरेटर इंजिनावरनं काढून ब्लोअरच्या तोंडाशी बसवला, म्हणजे पेट्रोल आणि हवा कालवून आत जाईल. हवा जास्त झाली तर इंजिन फुटू नये म्हणून त्याच्या झाकणाखाली, हेडखाली, एकाच्या जागी दोन गॅस्केटं घातली.

पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा असा बार उडाला की आंब्यावरचे कावळे थेट सावित्री नदीच्या पलीकडं गेले. अरविंदची उजवी भुवईही गेली.

"काही नाही," तो कपाळ चोळत म्हणाला. "ठिणगीचं टायमिंग जरा मागं घ्यावं लागंल."

"आणि भुवई?"

"ती येईल."

टायमिंग मागं घेतलं. मग पट्टा घसरायला लागला. पट्टा ताणला तर बेअरिंग ओरडायला लागली. बेअरिंग बदलली तेव्हा कळलं, की ब्लोअरमुळं बॉनेट लागत नाही. अरविंदनं बॉनेटला कापून भोक पाडलं. भोकातनं ब्लोअरचं डोकं गळवासारखं वर आलं. पाऊस आला तर काय? महिपतीनं घरी जाऊन काही न बोलता एक अॅल्युमिनियमचा टोप उचलला आणि उपडा करून त्यावर तारेनं आवळला. बरोब्बर बसला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको अनुपमा सगळं स्वयंपाकघर उलथंपालथं करून बाहेर आली. "अवो, माझा मोठा टोप कुठं हाय?"

"गाडीवर."

"गाडीवर?" तिनं कमरेवर हात ठेवले. "लग्नाचा भात गाडीवर शिजवणार हायत का?"

"वरात वर नेतो का नाय बघ आता ह्याच गाडीतनं. कुणी हात लावायचा नाय."

"टोप गेला तर गेला," ती म्हणाली, "पन कुशाबाभावजींना सांगून ठेवा म्हंजे झालं."

हे मात्र महिपतीनं केलं नाही.

गाडी तयार झाल्यावर महिपतीनं मागच्या सीटवर आणि डिकीत सिमेंटची पोती भरली आणि भर दुपारी मोरीपाशी येऊन उभा राहिला. पहिला गिअर टाकला, पाय दाबला. टोपाखालून आवाज सुरू झाला. सुरुवातीला डासासारखा, मग मिक्सरसारखा, मग थेट कारखान्यातल्या टाकीसारखा. रेड्याची जागा आली. महिपतीनं डोळे मिटले, ड्रायव्हरनं मिटू नयेत तरी मिटले. उघडले तेव्हा रेड्याची जागा मागं राहिली होती आणि काळकाईचं देऊळ समोर होतं.

वाडी बाहेर आली. त्याची आई राहीबाई पडवीत बसल्या बसल्या म्हणाली, "म्हैपती, गाडी रडतेय का रं?"

"रडत नाय आये. हवा खातेय."

"मंग पोटात कळ आल्यावानी काय वरडतेय?"

मोरीवरनं कुशाबा चालत वर आला, त्यानं गाडीला एक फेरी मारली, टोपावर टिचकी मारली. महिपती त्याच्या तोंडाकडं बघत होता. आता हा काहीतरी बोलणार. बोलला. "बरी चढली. सिमेंट होतं ना. सिमेंट गप बसतं."

त्या संध्याकाळी महिपती फार वर्षांनी गाणं गुणगुणत जेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. मग तिसऱ्या दिवशी दोन थापा. कुणाचा गॅसचा सिलिंडर आणायचा, कुणाची शेळी पोलादपूरच्या दवाखान्यात न्यायची, कुणाच्या पत्र्याची पानं, कुणाचा रेशनचा तांदूळ, कुणाला पाचाडच्या बहिणीला उगाच भेटून यायचं. महिपती चक्रावला. पूर्वी आठवड्यातनं दोनदा गाडी निघायची, आता ती थंड व्हायला वेळ मिळेना. शेवटी त्यानं कुशाबालाच विचारलं.

कुशाबानं त्याच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "पयलं तुला सांगाय जीव धजत नव्हता रे. तुझी गाडी काडायची म्हंजे आधी चार मान्सं गोळा करा, त्यांना च्या पाजा, कुनाला वेळ नसायचा. मान्सं म्हनायची, जाऊ दे, चालत जाऊ. आता काय! तू एकटा पुरतोस."

महिपती मोरीवर बसला. इतकी वर्षं ज्याला तो बेडी समजत होता ते कुंपण होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या बायकोचा टोप लावून मोडलं होतं. मागं फिरायचा रस्ताही नव्हता. ब्लोअर काढला तर वाडी म्हणणार, आमची कामं करायला लागू नयेत म्हणून काढला. ठेवला तर मरेपर्यंत सिलिंडर वाहायचे.

एकच आशा उरली होती, वरातीची. सगळ्या वाडीच्या देखत, भरल्या गाडीनं, नवरीला घेऊन एकदा आपण आपलं वर गेलो, की हिशेब कसाही असो, मिटला. मग पहिल्या सिलिंडरालाच 'नाय'. हा निश्चय करून तो लग्नाच्या तयारीला लागला.

लग्नाच्या आदल्या दिवशी कुशाबा मांडवात डोकावला. "टोप्या आनल्यास ना?"

"आनल्या."

"यशराजची जरा मोठी लागते. आनि नारळ?"

"हायत रे, सगळं हाय."

महिपती खोटं बोलला नाही. टोप्या होत्या, नारळ होते. ते तो देवळापाशी, गाडी वर पोचल्यावर, खुशीनं वाटणार होता. फक्त ढकलल्याबद्दल नव्हे, एवढंच.

लग्न बिरवाडीला मुलीकडं लागलं. ऊन असं, की अक्षतासुद्धा हातात चिकटत होत्या. दुपार कलल्यावर वरात निघाली. पुढं फियाट. स्टिअरिंगवर महिपती, शेजारी राहीबाई, मागं ऋत्विक, नवी नवरी अक्षदा आणि करवली म्हणून आलेली तिची धाकटी बहीण. मागं टेंपोत अनुपमा, बायका आणि अरविंद, ज्याची भुवई अजून अर्धीच आली होती.

मोरीपाशी सगळी वाडी उभी होती. खालूबाजा वाजत होता. चौघे मानकरी अस्तन्या वर सारून तयार. यशराजनं मोबाइल दुसऱ्याच्या हातात दिला होता, आपलं ढकलणं चित्रित करायला. गाडी थांबली. कुशाबानं तळहातावर थुंकी टाकली, हात चोळले, पुढं होऊन डिकीच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवले आणि आरोळी दिली, "काळकाईच्या नावानं..."

"...चांगभलं!" म्हणायला बाकीच्यांनी तोंडं उघडली आणि महिपतीनं पाय दाबला.

टोपाखालून आवाज उठला. वाजंत्री दोन्ही बाजूंना उड्या मारून सरले. आरशात महिपतीला कुशाबा दिसला. त्याचे दोन्ही हात तसेच पुढं पसरलेले, खाली काहीच नाही. एखाद्याच्या हातातनं ताट ओढून घ्यावं तसा. महिपतीनं आरशातनं नजर काढली. रेड्याची जागा आली आणि गेली. पाच माणसं घेऊन, शालूसकट, दागिन्यांसकट, राहीबाईच्या पानाच्या डब्यासकट गाडी वर चढली आणि काळकाईच्या देवळापुढं येऊन थांबली.

"बाबा!" ऋत्विक म्हणाला. "काय चढली!"

महिपतीनं इंजिन बंद केलं. हाच तो क्षण. त्यानं तो नीट उपभोगावा म्हणून आजूबाजूला बघितलं.

कुणीच नव्हतं. देवळापुढं एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं एक डोळा उघडून मिटला. वाजंत्री खाली, बायका खाली, ओवाळणीचं ताट खाली. आणि देवळाच्या दाराला कुलूप. किल्ली रामा गुरवाच्या करगोट्याला. आणि रामा गुरव म्हणजे डिकीचा डावा कोपरा.

"येतील आता," महिपती म्हणाला.

कुणी येईना. ऋत्विकनं यशराजला फोन लावला. "अरे, कुठं आहात?"

"दादा, इकडं सगळे मोरीवर बसलेत," यशराज हळू आवाजात म्हणाला. "काकानं टोपी पण काढून ठेवलीय."

"फोन कुशाबाकडं दे," महिपती ऋत्विकचा मोबाइल ओढून घेत यशराजला म्हणाला. फोन कानाला लावून त्यानं आवाज चढवला. "कुशाबा, वर या सगळी. नवरी ताटकळलीय."

"येतो की." कुशाबाचा आवाज एकदम गोड. "मी काय रागावलो नाय रे म्हैपती. पाय दुखतात माजे. चढवत नाय."

"गुरवाला तरी पाठव!"

"त्याचेबी दुखतात."

मग अनुपमाचा आवाज आला. "अवो, गाडी खाली आना. इथं कुनी हलत नाय. खालूबाजावालेसुद्धा बसलेत."

"मी नाय आननार! पंचवीस वर्षं..."

"तुमची पंचवीस वर्षं नंतर सांगा. पोरगी गाडीत हाय."

महिपतीनं फोन परत दिला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला. गाडीचं छत तापलं होतं. मागची एक काच खाली व्हायची नाही, दुसरी वर व्हायची नाही. इंजिनाची धग पायाशी येत होती. दार उघडून उतरावं तर नवरीला एकटं टाकून सासरा उतरला असं झालं असतं. नवरीला तर उतरताच येत नव्हतं. ज्या गाडीतनं सुटायचं म्हणून त्यानं एवढा खटाटोप केला, त्याच गाडीत तो आता देवळापुढं, कुलपापुढं, आणखी चार माणसांनिशी कोंडला गेला होता. वर चढायला त्याला कुणी लागलं नव्हतं. पोचायला मात्र सगळी लागत होती.

मागं कुजबुज झाली. अक्षदा बहिणीच्या कानाशी लागली. बहीण पुढं वाकून राहीबाईच्या कानाशी लागली. राहीबाईला कमी ऐकू येतं, त्यामुळं बहिणीला ते दोनदा सांगावं लागलं. मग राहीबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "म्हैपती, पोरीला जायाचं हाय!"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? बाईमान्साला विचारतात व्हय असं? जायाचं हाय!"

ऋत्विक बाहेरच्या आंब्याकडं एकाग्र होऊन बघायला लागला. महिपतीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात मागून, लाजेनं निम्मा झालेला पण स्पष्ट आवाज आला.

"बाबा, तुमचं बरोबर आहे. पण मला थांबता यायचं नाही."

सून सासऱ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. महिपतीनं इंजिन चालू केलं आणि हँडब्रेक सोडला.

देवळापुढं गाडी वळवायला जागा नव्हती, आणि रेड्याची चढण मागं बघत उतरणं सोपं नाही. मान वळवून, एक हात सीटच्या पाठीवर टाकून, घाम पुसत तो गाडी उतरवत होता आणि राहीबाई पुढं बघत "संबाळून रं, संबाळून" म्हणत होती. त्याला वाटलं होतं पार मोरीपर्यंत जावं लागणार. पण रेड्याच्या जागेपाशी आला तर चौघे तिथं उभे. गाडी मागं येताना दिसली तशी कुणाच्या पायाची दुखणी राहिली नव्हती.

"हिथनंबी मान लागतो," कुशाबा म्हणाला. बाकी काही बोलला नाही. टोपी परत डोक्यावर होती.

"चला, लावा हात," महिपती म्हणाला. "इंजिन चालू ठेवतो, तुमाला तरास नको."

"हात लावाय आम्ही काय देवाचं दर्शन घेतोय? बंद कर ते."

महिपतीनं चावी फिरवली. टोपाखालचा आवाज बसला. चौघांनी आपापल्या जागा घेतल्या, चांगभलं झालं आणि त्यांनी जोर लावला. गाडी हलली नाही. पुन्हा लावला. हंड्याएवढं ओतीव लोखंड आता नाकात घालून बसलेली ती फियाट पूर्वीची राहिली नव्हती. यशराजच्या मानेच्या शिरा फुगल्या. रामा गुरवाची किल्ली करगोट्याला हेलकावे खायला लागली.

"काय रं घातलंस हिच्यात?" कुशाबा धापा टाकत ओरडला.

राहीबाईनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. "जोर लावा रं! पोरीला जायाचं हाय!"

हे खालच्या बायकांपर्यंत पोचलं. मग टेंपोतल्या माणसांपर्यंत, मग खालूबाजावाल्यांपर्यंत. आधी एक हसला, मग चढणभर हसू फुटलं, आणि हसता हसता सगळेच वर धावले. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं हात लावला. अरविंदही डिकीच्या मध्यावर घुसला. कुशाबानं सरकून त्याला जागा दिली. "लावा पाव्हनं, लावा. ह्यातलं निम्मं वजन तुमचंच हाय."

गाडी चालू लागली. आत महिपतीला करण्यासारखं काही नव्हतं. इंजिन बंद, गिअर मोकळा, नुसतं चाक सरळ धरायचं. आरशात डोकीच डोकी होती, घामानं चकाकणारी, हसणारी. खालूबाजा आता मागून, धावत धावत, ताल सोडून वाजत होता.

देवळापुढं रामा गुरवानं कुलूप असं झटकन काढलं, की तसं आयुष्यात कधी काढलं नसेल. अक्षदाचा पाय पायरीला लागला, हळद-कुंकू झालं, नमस्कार झाला. काळकाईला इतका चटपटीत नमस्कार आजवर कुठल्या नवरीनं केला नव्हता. मग करवलीनं शालूचा घोळ उचलून धरला आणि दोघी बहिणी घराच्या मागच्या अंगणाकडं जवळजवळ पळाल्या. बायकांनी वाट करून दिली.

टोप्या आणि नारळ वाटून झाले. यशराजची टोपी त्याला लहानच झाली. मांडवात पंगत बसायला लागली तरी महिपती गाडीपाशीच उभा होता. कुशाबा तिच्या चाकाला टेकून बसला होता, छाती अजून वर-खाली होत होती.

"जड झाली रे लय," तो म्हणाला.

"ब्लोअर हाय ना."

"हां." त्यानं नारळ मांडीवर फिरवला. "म्हैपती, उद्या सकाळी आमच्या हिला म्हाडला डोळ्याच्या डाक्टरकडं न्यायची हाय. तू काय, रजेवरच हायस. सातला येतो."

अजून काही मिटलेलं नव्हतं, हे महिपतीला दिसत होतं. पण म्हणायचं ते आत्ता नाही म्हटलं, तर मग कधीच म्हणवणार नव्हतं.

"नाय," तो म्हणाला. स्पष्ट, मोठ्यानं. पंगतीतल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं.

कुशाबाचं पोट हललं, मग खांदे हलले, आणि तो चाकाला धरून हसायला लागला. "नाय म्हनतोय! रामा, ऐकलंस काय? म्हैपती नाय म्हनतोय! सासरा झाला नि डोकं फिरलं ह्येचं!" रामा गुरव हसला, पंगत हसली, अरविंदही हसला. कुणीतरी महिपतीच्या पाठीवर थाप मारली. कुशाबानं डोळे पुसले, गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि म्हणाला, "मंग सातला येतो."

महिपतीचं तोंड अजून उघडंच होतं. ते त्यानं मिटलं. टोप हातानं चाचपला, अजून गरम होता.

"सातला नको," तो म्हणाला. "साडेसातला ये. सातला मी निजलेला असनार."

कुशाबाचं हसू थांबलं. त्यानं टोपी मागं सारली, महिपतीकडं नीट बघितलं, मग देवळाकडं, मग पुन्हा महिपतीकडं. असं आजवर कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "साडेसात."